यानातली मुलगी आणि मी

माझा आवाज चांगला होता. हे आधीच सांगून टाकते, उगाच लाजत बसण्यात अर्थ नाही. लग्नाआधी मी ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटर होते. समोर बोर्ड, कानाला हेडफोन आणि दिवसभर एकच वाक्य: "होल्ड करा हं, जोडून देते." तेवढ्या एका वाक्यावर लोक खूश असायचे. आणि डोंबिवलीच्या एका केमिकल कंपनीच्या मेंटेनन्समधून एक माणूस तर रोज फोन करायचा, कारण आमच्याकडून त्यांना व्हॉल्व्ह जायचे. आता रोज कुठे व्हॉल्व्ह बिघडतात? पुढे लग्न झाल्यावर विचारलं तर म्हणाले, "व्हॉल्व्ह कुठे बिघडत होते? मी बिघडलेलो."

नवऱ्याचं नाव मी तेव्हाही घेत नसे, आताही घेणार नाही. लग्न ठरताना आमच्या घरी एवढंच सांगितलेलं की मुलगा नोकरीला आहे, कोपरला घर आहे, वडील मिठागरावर मुकादम होते, आणि मुलगा गातो. माझ्या आईला वाटलं भावगीतं गात असेल. मलाही तसंच वाटलं. लग्नानंतर महिन्याभरात हे मला कल्याणला एका कॉलेजच्या गॅदरिंगला घेऊन गेले. मी लग्नातली साडी नेसलेले, केसांत गजरा. स्टेजवर तीन पोरं गिटारी घेऊन उभी, मागे एक जण ड्रमवर तुटून पडलेला, आणि आमचे हे माइक दोन्ही हातांनी धरून असे काही किंचाळले की मी खुर्चीतून उठलेच. मला वाटलं यांना शॉक बसला. "अहो, मेन स्विच कुठाय, बंद करा कुणीतरी," म्हणत मी पुढे धावले. शेजारच्या पोराने मला हाताला धरून खाली बसवलं. म्हणाला, "काय नाय झालं वहिनी, असंच गातात हे. हेवी मेटल म्हणतात याला."

मग काय, ऐंशीचं सगळं दशक मी हेवी मेटलबरोबर संसार केला. हे सत्तरच्या सुमाराला मुंबईतल्या हॉटेलांत बँडबरोबर गायचे, तिथून ते खूळ डोक्यात शिरलेलं. कंपनीत हेल्मेटखाली लांब केस कोंबायचे. संध्याकाळी गच्चीवर पाण्याच्या टाकीखाली उभं राहून ती वरची किंकाळी घोटायचे, कारण टाकीखाली आवाज घुमतो म्हणे. खालच्या मजल्यावरच्या काकू सुरुवातीला रोज विचारायच्या, "आज जास्त दुखतंय का हो त्यांना?" मी म्हणायची, "नाही हो, आज बरं आहे." बँडमधले एकेक गेले. एक आखातात गेला, एक बँकेत लागला, ड्रमवाल्याने तर माळ घातली आणि तो टाळ वाजवायला लागला. हे एकटेच राहिले. सकाळी ज्येष्ठमधाची कांडी चघळत कामावर जायचे आणि बाहेर कुणी विचारलं की "मी सिंगर आहे" म्हणायचे.

माझी नोकरी सुटली ती सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा. त्यांना ऐकू येत नसे. वर्षानुवर्षं मी त्या घरात ओरडून बोलले. "चहा पिता का?" हेसुद्धा चार घरांना ऐकू जाईल असं. त्या गेल्या तोवर माझा आवाज जाडाभरडा झालेला. मला कळत होतं. कधी दुपारी भांडी घासताना हळूच म्हणून बघायची, "होल्ड करा हं, जोडून देते." पूर्वीची ती मुलगी काही यायची नाही. यांना ते कधी जाणवलं का, हे मी विचारलं नाही. कशाला विचारा? काही भलतंच बोलून बसले असते तर मीच रडले असते.

नव्वद उलटलं आणि गंमत झाली. कॉलेजांतून मेटलवाली नवी पोरं आली, काळे टी-शर्ट घालणारी, आणि त्यांना शोध लागला की डोंबिवलीत एक जुना माणूस आहे जो ते जन्मायच्या आधीपासून हेच गातोय. यांचे केस तोवर पिकलेले, पुढून विरळ झालेले. पोरं स्टेजवर पाया पडायची. त्या पाया पडण्याने हे चढले. एक दिवस जेवताना म्हणाले, "अल्बम करायचा. कॉन्सेप्ट अल्बम."

"म्हणजे काय?"

"म्हणजे सगळी गाणी मिळून एकच गोष्ट. सायन्स फिक्शन."

मग ताटावर बसूनच गोष्ट सांगितली. पुढच्या कुठल्यातरी काळात पृथ्वीवरचे समुद्र आटलेत. शेवटचं मीठ एका यानात भरलंय आणि एक म्हातारा माणूस ते एकटाच दुसऱ्या ताऱ्यावर पोचवायला निघालाय. प्रवास इतका लांबचा की पोचेपर्यंत तो जगतो की नाही हाच प्रश्न. सासऱ्यांची मिठागरं तोवर बुजवून झालेली, त्यामुळे मीठ कुठून आलं ते मला लगेच कळलं. गोष्ट चांगली होती, खोटं का बोला.

"आणि त्याची बायको?" मी विचारलं.

"त्याला बायको नाही."

"का नाही?"

"अगं, गोष्ट आहे ती. एकटा पाहिजे ना तो."

"एवढं यान आहे, मीठ आहे, आणि बायकोला जागा नाही? पोतं कमी करायचं एक."

हे हसले. मी काही हसले नाही. आमटी वाढायची राहिलेली, ती मी तशीच उचलून आत नेली.

पण खरं सांगते, त्या गोष्टीत एक जागा होती आणि ती माझी होती असं मी मनात धरूनच टाकलेलं. यान बोलायचं. गाण्यांच्या मधे, म्युझिक थांबलं की यानाचा आवाज येतो, बाईचा, आणि म्हाताऱ्याशी बोलतो. गाणी इंग्रजीत, पण यान मात्र मराठीत बोलणार. हे म्हणायचे, पुढच्या काळात यान आपण बनवलेलं असणार, मग ते कशाला इंग्रजी झाडेल? आता सांगा, यंत्रातून बोलणारी बाई पाहिजे आणि घरात एक टेलिफोन ऑपरेटर आहे. कुणाला विचारायला हवं होतं? मी ज्येष्ठमधाची एक कांडी स्वतःसाठी काढून ठेवली. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सुरू केल्या. यांना वाटलं, घसा धरलाय.

आणि एका शुक्रवारी हे एका मुलीला घेऊन घरी आले.

इथे शुक्रवारचं सांगायला हवं. आमच्याकडे शुक्रवारी लाइट नसायचे. सकाळी जायचे ते संध्याकाळी यायचे. कंपन्यांना सुट्टी, म्हणून हेही घरी. बाकीचे लोक शुक्रवारला शिव्या घालायचे, पण यांना तो दिवस सोन्यासारखा वाटायचा. आमच्या बिल्डिंगखाली पिठाची गिरणी होती. शुक्रवारी ती बंद. पंप बंद, पंखे बंद, शेजारचे टीव्ही बंद. गावात रेकॉर्डिंगसाठी एवढी शांतता दुसऱ्या कुठल्या दिवशी मिळणार? गाणी ठाण्याच्या एका छोट्या स्टुडिओत रेकॉर्ड झालेली, पण यानाचं बोलणं घरीच, सेलवर चालणाऱ्या छोट्या टेपरेकॉर्डरवर करायचं आणि मग वायर लावून मोठ्या डेकवर गाण्यांच्या मधे उतरवायचं असं ठरलेलं. जगात लाइट असताना रेकॉर्डिंग करतात. आमच्याकडे लाइट गेले की करायचे.

तर ती मुलगी. ठाण्याची, टेंभी नाक्याजवळ राहणारी, नवरात्रात देवीपुढच्या स्टेजवर गाणारी. विशी नुकतीच ओलांडलेली. जीन्स, खांद्यापर्यंत कापलेले केस, हसली की गालाला खळी. यांना "सर" म्हणाली आणि मला "काकू". वयात फार तर पंधरा वर्षांचं अंतर असेल! मी चाळिशीलाही पोचले नव्हते. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की पोह्यांवर खोबरं घालायचं विसरले. नाही, विसरले नाही. घातलंच नाही.

हे कागद घेऊन तिला वाक्यं समजावून सांगायला बसले. मी आत कपड्यांच्या घड्या घालत होते आणि कान बाहेर. ती वाचायला लागली.

"उठा. उजाडलंय. म्हणजे आपल्यापुरतं उजाडलंय."

माझा हात थांबला. मिठागराच्या पाळीमुळे सासरे पहाटे उठायचे, ती सवय यांना लागलेली, आणि अंधारात यांना उठवताना मी रोज हेच म्हणायची.

"पाणी भरून ठेवलंय. झाकण नीट लावा."

हे तर परवाचंच.

"मी जागी आहे. तुम्ही झोपा."

हे सासूबाईंच्या आजारपणातलं. आणि शेवटी म्हातारा जेव्हा पृथ्वीशी बोलायचं म्हणतो, आणि पृथ्वीवर कुणी उरलेलंच नाही, तेव्हा यान म्हणतं:

"होल्ड करा हं, जोडून देते."

मी बाहेर गेले. म्हटलं, "अहो, एक मिनिट आत या." हे आत आल्यावर दार लोटलं. "ही माझी वाक्यं आहेत."

"कुठली?"

"सगळी! एकूण एक! माझी वाक्यं उचललीत आणि त्या पोरीच्या तोंडात घातलीत?"

"अगं, वाक्यं काय कुणाच्या बापाची असतात?"

"माझ्या बापाची नाहीत, माझी आहेत. मी बोललेय ती. मग मीच का नाही बोलायची?"

आणि मग हे जे बोलले ते मी आजही विसरलेले नाही. म्हणाले, "यानाचा आवाज तरुण पाहिजे गं."

बास. दार उघडलं, बाहेर गेले आणि त्या मुलीला म्हटलं, "तुला अजून पोहे वाढू का गं?" तिने "हो काकू" म्हटलं. पोहे खाल्ले मेलीने दोनदा.

त्या आठवड्यात माझा जो जळफळाट झाला त्याला तोड नाही. मी तिच्यावर जळले, तिच्या खळीवर जळले, तिच्या गळ्यावर जळले. अहो, यांनी दुसरीला साडी आणली असती तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते. पण माझ्याच घरातलं माझंच बोलणं उचलून दुसरीला दिलं, आणि मी तक्रार तरी काय करणार? कुणाला सांगणार? खालच्या काकूंना? "माझ्या नवऱ्याने माझं 'झाकण नीट लावा' चोरलं" म्हणून?

खरं रेकॉर्डिंग पुढच्या शुक्रवारी होतं. हे गुरुवारी रेकॉर्डरसाठी मोठे सेल नवे आणून ड्रॉवरमध्ये ठेवून गेलेले. म्हणाले, "उद्या सकाळी घालून ठेव." आता आमच्या घरात सेलची एक पद्धत होती, आणि ती फक्त आमच्या नाही, सगळ्या बिल्डिंगची होती. टॉर्चमधले सेल उतरले की ते फेकायचे नाहीत. खिडकीत उन्हात ठेवायचे. चार दिवस तापले की त्यात पुन्हा थोडा जीव येतो आणि ते आणखी थोडे दिवस चालतात. आमच्या खिडकीत तेव्हा पापडांच्या शेजारी टॉर्चचे जुने सेल वाळत पडलेले होते. मी ते उचलले आणि रेकॉर्डरमध्ये घातले. नवे टॉर्चमध्ये. त्या पोरीसाठी नवे सेल? माझी वाक्यं ती बोलणार, माझे पोहे ती खाणार, आणि नवे सेलही तिलाच? चालव म्हटलं उन्हातल्या सेलवर. टेप बिघडली तर बिघडली.

आणि शुक्रवारी खालच्या काकूंकडे फोन आला. आमच्याकडे फोन नव्हता. ऑपरेटरच्या घरी फोन नाही, हसायचं तर हसा. मुलीला टेंभी नाक्यावर कार्यक्रमाच्या तयारीला बोलावलेलं, ती येऊ शकत नव्हती. हे वैतागले. खिडक्यांना गाद्या लावून झालेल्या, दाराच्या फटीत चादरी कोंबलेल्या, आणि मुलगीच नाही. थोडा वेळ येरझाऱ्या घालून मला म्हणाले, "ऐक ना, तू जरा म्हणून दाखव. नुसतं रफ. म्हणजे किती वेळ लागतो त्याचा अंदाज येईल. ती पुढच्या शुक्रवारी येऊन खरं करेल."

रफ! मला वाटलं, तोंडावर फेकावा तो कागद. पण फेकला नाही. बसले मी. मिठाच्या गुळण्या उगाच केलेल्या का? रेकॉर्डरचं लाल बटण दाबलं गेलं, यांनी डोळे मिटले, आणि मी बोलले. सेलचं माझ्या डोक्यातूनही गेलेलं. गाद्यांमुळे खोलीत भट्टी झालेली, माझ्या मानेवरून घाम ओघळत होता, पण मी एकेक वाक्य असं म्हटलं जसं बोर्डावर बसून म्हणायची. शेवटचं वाक्य म्हणताना माझा आवाज चिरकला. जाडाच होता तो, आणि चिरकला. मी उठले आणि स्वयंपाकघरात गेले.

संध्याकाळी लाइट आले, गिरणी घरघरायला लागली. यांनी ती कॅसेट मोठ्या डेकमध्ये घातली, किती मिनिटं होतात ते बघायला. मी पीठ मळत होते. आणि बाहेरून एका मुलीचा आवाज आला.

माझा पहिला विचार काय होता माहितीये? ही कधी आली? मी पिठाचे हात घेऊनच बाहेर धावले. खोलीत हे एकटेच होते. डेकमधून ती बोलत होती. "पाणी भरून ठेवलंय. झाकण नीट लावा." बारीक, लख्ख, जरा घाईतला आवाज. उतरलेल्या सेलवर रेकॉर्डर हळू चाललेला, तो डेकवर नीट वेगाने लागला की आवाज वर चढणारच. आणि सेल जसजसे आणखी बसत गेले तसतसा पुढचा प्रत्येक तुकडा आणखी वर, आणखी कोवळा. मग शेवटचं वाक्य आलं. "होल्ड करा हं, जोडून देते." चिरकणं कुठल्या कुठे गेलेलं. ती मी होते. बोर्डावरची, बावीस वर्षांची.

हे उठून उभे राहिलेले. "हीच," म्हणाले. "हीच ती! कुठे होती ही?"

"इथेच होती," मी म्हटलं. "उन्हात वाळत होती." आणि सेलचं सगळं सांगितलं, तावातावाने, म्हटलं आता तरी चिडतील. चिडायचे कसले? टाळी वाजवली. म्हणाले, गोष्टीत जे राहिलेलं ते हेच. म्हातारा आणखी म्हातारा होत जातो आणि यान तरुण होत जातं! त्या रात्रीपासून डेकवर तेच. डोळे मिटून, मान मागे टाकून ऐकायचे. "मी जागी आहे. तुम्ही झोपा." आणि मी त्यांच्या शेजारी जिवंत बसलेली, भाजी निवडत. एकदा मी मुद्दाम तेच वाक्य मोठ्याने म्हटलं. म्हणाले, "श्श, ऐकू दे ना."

ठाण्याची मुलगी पुढच्या शुक्रवारी आली, कॅसेट ऐकली. नाराज झाली नाही, उलट मोठे डोळे करून माझ्याकडे बघत राहिली. "काकू, हा तुमचा आवाज? शक्यच नाही!" तिने चांगल्या मनाने म्हटलं असेल. मी तिला त्या दिवशी खोबरं घालून पोहे दिले, कारण आता तिचा काही धोका नव्हता. आता धोका दुसरीकडून होता.

कल्याणला एकाने कॅसेटच्या प्रती काढून दिल्या. वरच्या कव्हरवर मिठाचा ढीग आणि तारे. ठाण्यात एका कॉलेजच्या फेस्टिव्हलमध्ये तो सगळा अल्बम यांनी नव्या पोरांना साथीला घेऊन गायला आणि मधे मधे मोठ्या स्पीकरमधून यान बोललं. मी तिसऱ्या रांगेत बसलेले. मेटलवाली पोरं, एरवी एकमेकांच्या अंगावर उड्या मारणारी, यान बोलायला लागलं की चिडीचूप व्हायची. शेवटच्या गाण्यात यांनी ती वरची किंकाळी अशी काही मारली की छाती दडपली. टाकीखाली घोटलेली सगळी वर्षं त्यात होती. आणि ती संपून अंधार झाल्यावर तिचं "होल्ड करा हं" आलं. मग जो आरडाओरडा झाला! शिट्ट्या, टाळ्या. माझ्या मागचा एक पोरगा दुसऱ्याला म्हणाला, "यार, ती यानवाली कोण आहे रे? भेटली पाहिजे." मी त्याच्याकडे मागे वळून बघितलं. तो म्हणाला, "सॉरी काकू," आणि पाय मागे घेतले. त्याला वाटलं त्याचा पाय लागला.

कार्यक्रम संपल्यावर पोरांनी यांना घेरलं. "सर, ती कोण? सर, नाव काय तिचं?" मी पलीकडेच, पाण्याची बाटली घेऊन उभी. आता सांगतील. आता माझ्याकडे हात करतील. हे हसले आणि म्हणाले, "ती? ती वर असते."

घरात शिरल्या शिरल्या माझा पट्टा सुटला. "का नाही सांगितलंत? लाज वाटली माझी?"

"लाज कसली? सांगितलं असतं तर त्यांनी तुझ्याकडे बघितलं असतं आणि यान खाली आलं असतं."

"येऊ दे ना खाली! मी काय इतकी वाईट दिसते?"

"अगं, तसं नाही..."

"मग कसं? तुम्हाला ती हवीय. तिला स्वयंपाक करायला सांगा."

हे म्हणाले, "वेडी आहेस का, ती तूच आहेस."

पण ती मी नव्हते ना. हेच यांना कळत नव्हतं. मला कुणी बाहेरची असती तर चाललं असतं. तिचं लग्न झालं असतं, ती जाडी झाली असती, तिचाही घसा बसला असता. हिचं काहीच होणार नव्हतं. ही तशीच राहणार, आणि दरवेळी मी थोडी आणखी म्हातारी होऊन शेजारी बसणार. खालच्या काकूही विचारायच्या, "ती यानातली मुलगी काय गोड बोलते हो, कोण आहे?" मी सांगायची, "यांच्या नात्यातली."

मग तेही दिवस सरले. मेटलवाली पोरं नोकऱ्यांना लागली, सीडी आल्या, मोठा डेक बिघडला तो बिघडलाच. यांच्या घशाला डॉक्टरांनी विश्रांती सांगितली, ती किंकाळी कायमची बंद झाली. घरात उरला तो तोच छोटा रेकॉर्डर. नव्वदचं दशक संपत आलेलं. एका शुक्रवारी लाइट नव्हते, गिरणी बंद. हे गॅलरीत खुर्ची टाकून बसले आणि त्यांनी ती कॅसेट लावली. लावू दे म्हटलं, आणि मी डाळ निवडायला बसले.

सेल जुनेच होते, उन्हातले. ती पद्धत आमच्याकडे अजून होती. पहिली गाणी बरी गेली. मग हळूहळू टेप रेंगाळायला लागली. गिटारी रडक्या झाल्या, ड्रम धापा टाकायला लागले. ते शेवटचं गाणं आलं, ती किंकाळी आली, यांच्या सगळ्या आयुष्याची ती एक गोष्ट, आणि ती अशी आली की कुणीतरी म्हैस विहिरीत ढकललीय. मला वाईट वाटलं. मी ताट खाली ठेवलं, ड्रॉवरमधून नवे सेल काढले आणि गॅलरीत गेले. "थांबा, बदलते."

तेवढ्यात म्युझिक थांबलं आणि रेकॉर्डरमधून एक बाई बोलली. जाड्याभरड्या, दमलेल्या आवाजाची बाई.

"होल्ड करा हं, जोडून देते."

शेवटच्या शब्दाला आवाज चिरकला. मीच होते ती. घामाने भिजलेली, गाद्या लावलेल्या खोलीतली मी, जशीच्या तशी. मुलगी कुठेच नव्हती.

यांनी डोळे उघडले नाहीत, पण हात पुढे केला, टेप मागे घेतली आणि पुन्हा लावली. पुन्हा ती म्हैस, पुन्हा ती बाई. मग तिसऱ्यांदा. मी सेल हातात घेऊन उभीच.

"अहो, बदलू द्या ना," मी म्हटलं. "तुमचं गाणं सगळं बिघडलंय."

"बिघडू दे," हे म्हणाले, आणि पुन्हा टेप मागे घ्यायला लागले.

मी नवे सेल परत ड्रॉवरमध्ये ठेवले आणि डाळीचं ताट घेऊन गॅलरीत येऊन बसले.